यॉट क्लबची दोन घरं

गेटवेच्या परिसरात मराठीतून हेरिटेज वॉक सुरू करायचा असं आमच्या गटात ठरलं, तेव्हा प्रत्येकाने एकेक इमारत वाटून घेतली. ताज आणि गेटवे हां हां म्हणता गेले. माझ्याकडे आला रॉयल बॉम्बे यॉट क्लब. माझी नोकरी फोर्टातच झाली, त्यामुळे ती इमारत रोजच्या ओळखीची होती. तिरक्या छपरांची, टोकदार कमानींची, ताजच्या शेजारून आडव्या जाणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची. तिचा इतिहास म्हणजे एक साल, एक वास्तुविशारद आणि दोन-चार किस्से, असा सगळ्यांचाच अंदाज होता. प्रत्यक्षात ते काम माझ्या आयुष्यातल्या फार समाधानाच्या कामांपैकी एक ठरलं. ते कसं कसं होत गेलं ते इथे लिहून ठेवते, कारण कुणाला आपल्या गावातल्या जुन्या क्लबचा, जिमखान्याचा किंवा नगरवाचन मंदिराचा असा माग काढायचा असेल तर त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

पहिला गुंता असा की क्लब एक आणि घरं दोन. क्लबची स्थापना १८४६ ची. राणी व्हिक्टोरियाकडून ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली १८७६ साली. आज आपण ज्या इमारतीला यॉट क्लब म्हणतो, ती मुळात क्लबची राहण्याची इमारत, म्हणजे सदस्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या खोल्या. जॉन अ‍ॅडम्स या सरकारी इंजिनिअरने आखलेली, १८९० च्या दशकातली. खरं क्लबघर, जिथे जेवणं व्हायची, नाच व्हायचे, संध्याकाळी बँड वाजायचा, ते रस्त्यापलीकडे अगदी पाण्याच्या काठाला होतं. ते १८८० च्या सुमाराचं. ती इमारतही उभी आहे. तिला आजही ‘ओल्ड यॉट क्लब’ म्हणतात आणि तिच्यात अणुऊर्जा खात्याची कार्यालयं आहेत. गेटवेवर फोटो काढणाऱ्या हजारो लोकांपैकी तिच्याकडे कुणाची नजर जात नाही, आणि गेली तरी सुरक्षेचा परिसर म्हणून माणूस पुढे सरकतो.

राहण्याच्या खोल्यांची एवढी मोठी इमारत क्लबला कशाला लागावी, याचं उत्तर अपोलो बंदरातच, म्हणजे आज गेटवे आहे त्या धक्क्यातच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले गोरे अधिकारी विलायतेच्या बोटीने यायचे, रजेवर जायचे, ते याच वाटेने. बोटीच्या आधी आणि नंतर चार दिवस मुंबईत काढायचे. त्यांना समुद्राकाठी, आपल्याच माणसांत उतरायची सोय हवी होती. भायखळा क्लब त्याच्या किती तरी आधीचा, १८३३ चा. तिथे तेव्हा घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं, आजूबाजूला साहेबांचे बंगले होते. पण शर्यती महालक्ष्मीला गेल्या, भायखळ्याला गिरण्या आल्या, साहेब मलबार हिलवर चढले आणि भायखळा क्लब हळूहळू आडबाजूला पडला. क्लबांचे पत्ते बघत गेलं की शहर कुठून कुठे सरकलं तेही दिसतं, म्हणून मी पत्त्यांपासूनच सुरुवात केली.

पत्ते शोधायला सगळ्यात कामाला आल्या त्या जुन्या वार्षिक डिरेक्टऱ्या. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या त्या भल्यामोठ्या पायऱ्या चढून गेलं की हे जाडजूड ग्रंथ बघायला मिळतात. त्यात क्लबचं नाव, सेक्रेटरी कोण, कार्यालय कुठे, असं दरवर्षी छापलेलं असतं. एका वर्षाचा खंड बघायचा, मग पाच वर्षं पुढचा, पत्ता बदलला की मधली वर्षं चाळायची. पद्धत साधी आहे, फक्त बैठक लागते. दुपारी टेबलावर पंख्याखाली कागद दाबून धरत बसायचं, आणि पान उलटताना दोन्ही हातांनी उलटायचं, कारण कोपऱ्याला धरलं तर कागद हातात येतो.

पुराभिलेखागाराचं, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपणाऱ्या खात्याचं काम निराळं. ते काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज, हे झालं की सूची हातात येते. मी अर्जात ‘यॉट क्लबचा इतिहास’ असं लिहिलं होतं. तिथल्या एका अनुभवी कर्मचाऱ्याने तो वाचून शांतपणे सांगितलं, “ताई, इथे क्लबचा इतिहास मागून मिळणार नाही. खातं सांगा, साल सांगा.” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. जमिनीचा मामला असेल तर महसूल खातं, बांधकाम असेल तर पब्लिक वर्क्स, आणि कुठेच बसत नसेल ते जनरल. प्रत्येक खात्याच्या सूचीत खंडाचा नंबर आणि त्याच्या पोटात कंपायलेशनचा, म्हणजे एका विषयाच्या कागदांच्या जुडग्याचा नंबर. तो मागणीचिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि बाड येईपर्यंत वाट बघायची. टिपणं पेन्सिलीने. सरकारी पत्रव्यवहारात क्लबच्या मेजवान्या नसतात. तिथे असते जमीन, काठाची भिंत, परवानगी, कुणाच्या हद्दीत काय. पण इमारतीचा इतिहास लिहायचा तर हेच लागतं.

सालांच्या बाबतीत मी एक नियम करून घेतला आणि गटातल्या सगळ्यांना तो पाळायला लावला. पायाभरणी, बांधकाम आणि उद्घाटन ही तीन सालं वेगळी मांडायची. याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण समोरच उभं आहे. गेटवेच्या माथ्यावर कोरलेला मजकूर २ डिसेंबर १९११ रोजी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले त्याची आठवण सांगतो, आणि तो वाचून बहुतेक लोक गेटवे १९११ चं समजतात. त्या दिवशी तिथे तात्पुरता मंडप होता. कायमच्या वास्तूचा पाया त्याच वर्षी ३१ मार्चला घातला गेला होता, पण वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा अंतिम आराखडा मंजूर झाला १९१४ साली. भराव घालून काठ पुढे नेण्यात काही वर्षं गेली आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. ताज १९०३ चं. म्हणजे जुनं क्लबघर उभं राहिलं तेव्हा तिथे ना ताज होतं ना गेटवे. हे मनात पक्कं झालं की त्या घराची ऐट कळते. मोकळा काठ, समोर बंदर, नांगरलेल्या होड्या आणि त्यांच्याकडे तोंड करून बसलेलं एकच घर.

ही ऐट मला दिसली ती जुन्या पोस्टकार्डांत. चोर बाजारात आणि नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनांत ही पोस्टकार्डं मिळतात. शतकभरापूर्वी बोटीने आलेला प्रत्येक जण घरी एक तरी चित्र धाडायचा, आणि अपोलो बंदरचा यॉट क्लब हे लाडकं चित्र. लांबलचक व्हरांडे, उतरती छपरं, पुढे हिरवळ. पोस्टकार्ड हातात धरून गेटवेच्या कठड्याशी उभं राहायचं आणि छपराची एकेक रेघ जुळवत जायचं, असं मी सकाळच्या उन्हात करत असे. सकाळीच का, तर पूर्वेचं ऊन समोरच्या बाजूवर थेट पडतं आणि कमानींच्या आतली खोली दिसते. दुपारनंतर सगळं सपाट वाटतं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, उभं राहूनच कळलं.

आताच्या क्लबमध्ये आत जाण्याची संधी एका सदस्यांमुळे मिळाली. पाहुणी म्हणून वहीत नाव लिहिलं, सही केली. जिना लाकडी आणि रुंद, छत उंच, भिंतींवर होड्यांची चित्रं आणि शर्यतींचे करंडक. पावसाळा संपला की इथल्या शिडाच्या होड्या पाण्यात उतरतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की बाहेर काढतात, हे वेळापत्रक गेली पावणेदोनशे वर्षं वाऱ्याने ठरवलेलं आहे. वरच्या मजल्याच्या खिडकीतून गेटवे अगदी जवळ दिसतं, आणि बागेतला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळाही. तो पुतळा २६ जानेवारी १९६१ ला तिथे आला. ज्यांनी ही खिडकी बांधली त्यांना तिच्यातून यातलं काहीच दिसत नव्हतं. इमारतीची देखभाल बघून बरं वाटलं. जुनं लाकूड जपणं खर्चाचं आणि चिकाटीचं काम आहे, ते इथे मनापासून केलंय.

वहीत सही करताना माझं लक्ष त्या वहीकडेच गेलं होतं. क्लब म्हणजे मुळात ‘आत कोण येणार’ हे ठरवण्याची व्यवस्था. त्या काळच्या युरोपियन क्लबांत नवा सदस्य घ्यायचा तर एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि मग गुप्त मतदान. पेटीत हात घालून गोळी टाकायची, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. मोजक्या काळ्या गोळ्या पडल्या की माणूस बाद, कारण सांगायचं बंधन नाही. भारतीयांच्या बाबतीत तर पेटीपर्यंतही नाव जात नसे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी एका भारतीय पाहुण्याला जेवायला बोलावलं आणि क्लबने त्याला दारात अडवलं, ही हकिगत मुंबईत शंभर वर्षं सांगितली जाते. कुणी ती यॉट क्लबवर घालतं, कुणी दुसऱ्या क्लबवर. तिच्यापुढे उभं असलेलं सत्य मात्र सगळ्यांना बघता येतं. १९१७ साली विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला आणि भारतीय व युरोपियन दोघांनाही तिथे सदस्य होता आलं. वॉकमध्ये मी हकिगत हकिगत म्हणून सांगते आणि १९१७ हे साल साल म्हणून.

मग येतं १९४८. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी गेटवेच्या कमानीखालून निघून गेली. क्लबने काठावरचं घर सोडलं आणि सगळा कारभार रस्त्यापलीकडच्या राहण्याच्या इमारतीत आणला. रिकाम्या झालेल्या घरात १९४९ साली जे बिऱ्हाड आलं, त्याच्यामुळे मी या विषयाच्या प्रेमात पडले. ते होतं टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं.

ही संस्था होमी भाभांनी १९४५ साली बंगळुरात सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती मुंबईला, पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. तो बंगला भाभांच्या मावशीचा. तिथे जागा पुरेना म्हणून संस्था अपोलो बंदरला आली, आणि १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला स्वतःच्या इमारतीत जाईपर्यंत हेच तिचं घर होतं. ज्या दालनांत भारतीय माणूस सदस्य म्हणून पाऊल टाकू शकत नव्हता, तिथे तरुण भारतीय मुलं वैश्विक किरणांवर काम करू लागली. गणिताचा विभाग गणितज्ञ के. चंद्रशेखरन यांनी तिथून उभा केला. पाठीशी सर दोराबजी टाटा ट्रस्टचा पैसा होता, आणि मागे जमशेटजींचं ताज. पंचवीस पावलांच्या चौकात एवढा इतिहास दाटलेला दुसरा कोपरा मुंबईत असेल असं मला वाटत नाही.

आणि इथे रोज यायचे दामोदर धर्मानंद कोसंबी. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींचा मुलगा, गोव्यात जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकी केलेला. भाभांनी त्यांना संस्थेत बोलावलं आणि १९६२ पर्यंत ते तिथे होते. राहायचे पुण्यात, भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर, आणि ये-जा डेक्कन क्वीनने. गणिती माणूस, पण याच काळात त्यांचं प्राचीन भारताच्या इतिहासावरचं काम चाललं होतं. आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या प्राचीन नाण्यांची वजनं मोजून, संख्याशास्त्र लावून, ती किती चलनात फिरली याचा हिशेब करण्याची त्यांची पद्धत मला आजही थक्क करते. नाणं जितके हात फिरून येतं तितकं झिजतं, आणि झीज मोजता येते. साहेबांच्या क्लबघरात बसून इतका नवा विचार एक मराठी-कोकणी माणूस करत होता, ही गोष्ट वॉकला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. मी वॉक गेटवेपासून सुरू न करता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरू करायचा हट्ट धरला तो कोसंबींसाठी. डेक्कन क्वीन जिथे थांबते तिथून निघायचं, फोर्टातून चालत काठावर यायचं, आणि मग जुन्या क्लबघराकडे बघायचं. म्हणजे ते घर कोणाचं, याचं उत्तर बदललेलं असतं.

गटात खरा वाद झाला तो पुढच्या मुद्द्यावर. माझ्या टिपणात जुन्या काळचे क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांच्यावर दोन पानं होती. आमच्यातले एक वडीलधारे काका म्हणाले, “विषय यॉट क्लबचा आहे. क्रिकेट कशाला आणतेस? आणि तेही पुण्याचं?” मी म्हटलं, काका, गोऱ्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवलं हे सांगताना आपली मान ताठ असते. आपण आपल्याच माणसाला कुठे बसवलं तेही त्याच दमात सांगायला हवं, नाही तर हा इतिहास अर्धा.

बाळूंची हकिगत ही क्लबघरांचीच हकिगत आहे. चांभार समाजातला मुलगा, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टी लोळवायची, जाळी लावायची, महिना चार रुपये पगार. तिथल्या सरावात तो डावखुरी फिरकी टाकू लागला. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज त्याच्यासमोर तासन् तास खेळायचा आणि बाद झाला की आठ आणे द्यायचा, असं सांगतात. गोलंदाजी करायची, पण बॅट मात्र हातात मिळायची नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा त्यांनी बाळूला संघात घेतलं. मैदानावर सगळ्यांच्या हातात तोच चेंडू. आणि चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घ्यायचे, बाळू बाहेर, मातीच्या भांड्यातून. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. हातपाय धुवायचे तर क्लबमधला एक अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन वरून पाणी ओतायचा. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत बाळूचं कौतुक करून, खेळता त्याच्याबरोबर तर जेवायला काय हरकत, हा प्रश्न समाजापुढे ठेवला.

मुंबईत हिंदू जिमखाना १८९४ साली निघाला होता. मरीन ड्राइव्हच्या त्या ओळीत पारशी, इस्लाम, हिंदू, कॅथलिक, असे धर्मवार जिमखाने आजही एकापुढे एक आहेत. बाळू मुंबईला आले आणि हिंदूंच्या संघाचे आधारस्तंभ झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं त्या सामन्यात ते आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघंही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या विठ्ठलला, १९२३ साली. पॅव्हिलियनच्या पायरीपासून आतल्या टेबलापर्यंत यायला या एका कुटुंबाला तीस वर्षं लागली.

काकांनी दोन्ही पानं वाचली. मग म्हणाले, “हे जुन्या क्लबघरासमोरच सांग. तिथेच शोभेल.” तेव्हापासून ते तिथेच सांगते, हिरवळीवरच्या चहाचं वर्णन झालं की लगेच. यॉट क्लबच्या हिरवळीवर संध्याकाळी चहा घेणाऱ्या मंडळींचं चित्र पोस्टकार्डात बघून लोक खूश झालेले असतात. मग पुण्यातला तो मातीच्या भांड्यातला चहा येतो. गर्दी एकदम ऐकायला लागते. एकदा नाशिकहून आलेली एक कॉलेजची मुलगी मला म्हणाली, “मावशी, मग ज्यांनी हा चहा आणून दिला ते कोण होते?”

तिचा प्रश्न रास्त होता, आणि सध्या मी त्याच्याच मागे आहे. होड्यांवरचे तांडेल आणि खलाशी, स्वयंपाकघरातले आचारी, टेबलाशी उभे राहणारे बटलर, जिने पुसणारे हमाल. यातले बहुतेक कोकणातून आणि गोव्यातून आलेले. क्लबच्या छापील पुस्तिकांत कमोडोरांची, म्हणजे क्लबच्या प्रमुखांची नावं सालवार असतात, यांची नसतात. पण घरोघरी काही ना काही असणारच. एखादं सर्टिफिकेट, साहेबाने दिलेलं शिफारसपत्र, गणवेशाचं पितळी बटण, गावाकडे पाठवलेल्या मनीऑर्डरची पावती, नाही तर गणपतीला गावी गेल्यावर ऐकलेली आजोबांची गोष्ट. तुमच्या घरात कुणी मुंबई-पुण्याच्या जुन्या क्लबांत किंवा जिमखान्यांत नोकरीला होतं का? असेल तर नाव, गाव, साधारण साल आणि काम, एवढं तरी आजच लिहून ठेवा, आणि घरातली वयस्कर माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.